नोंदलेली शिल्लक आणि मोजलेली शिल्लक : ‘फॅट’ पद्धतीतील मोकळ्या जागेचा प्रश्न

मोठ्या क्षमतेची बाह्य डिस्क संगणकास जोडून तीवरील मोकळ्या जागेचा आकडा विचारला असता उत्तर येण्यास कित्येकदा विलंब लागतो. हा दोष यंत्राच्या मंदगतीचा समजला जातो. वस्तुतः ‘फॅट’ पद्धतीच्या डिस्कांपुरते त्याचे मूळ १९७७ मधील एका रचनेत आहे, आणि त्या रचनेमागे हिशेबाचा एक जुना प्रश्न आहे : शिल्लक वहीतील नोंदीवरून सांगावी, की मोजून?

त्या वर्षी मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅक्डोनाल्ड यांनी ‘फाइल ॲलोकेशन टेबल’, संक्षेपाने ‘फॅट’, ही पद्धती सिद्ध केली. डिस्कवरील जागेचे समान भाग, म्हणजे क्लस्टर, पाडावयाचे व प्रत्येकासाठी कोष्टकात एक रकाना ठेवावयाचा. रकान्यात शून्य असल्यास तो क्लस्टर मोकळा. एकूण शिल्लक कोठेच लिहिलेली नसे. तशी आवश्यकताही नव्हती. १९८१ मधील आयबीएम संगणकाच्या १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर क्लस्टर अवघे ३१३ असत. पुढील सोळा बिटांच्या फॅटमध्येही कोष्टक फार तर १२८ किलोबाइटचे होई.

१९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आली आणि ही मर्यादा सुटली. १ टेराबाइटच्या डिस्कवर ३२ किलोबाइटचे क्लस्टर धरल्यास त्यांची संख्या ३,३५,५४,४३२ होते. प्रत्येकी ४ बाइटांप्रमाणे कोष्टकच १२८ मेगाबाइटचे. सेकंदास सुमारे ३० मेगाबाइट देणाऱ्या यूएसबी २.० जोडणीवर ते वाचण्यास चार सेकंदांहून अधिक काळ लागतो. १२ मेगाबिटांच्या आरंभीच्या यूएसबीवर दीड मिनिटही पुरत नाही.

रचनाकारांस ही अडचण अपेक्षित होती. म्हणूनच फॅट-३२ मध्ये ‘एफएसइन्फो’ नावाचा एक विभाग राखून त्यात मोकळ्या क्लस्टरांची शेवटची ज्ञात संख्या लिहिण्याची सोय झाली. परंतु ही संख्या अचूक असेलच असे नाही, असा इशाराही मायक्रोसॉफ्टच्या विनिर्देशातच दिलेला आहे. नोंद अद्ययावत होण्यापूर्वी डिस्क काढली गेली, अथवा एखाद्या प्रणालीने ती बदललीच नाही, तर वही व वस्तुस्थिती यांत अंतर पडते. याच कारणास्तव लिनक्स प्रणाली, वापरणाऱ्याने स्पष्ट आज्ञा दिल्याखेरीज, ती नोंद ग्राह्य न धरता सर्व कोष्टक मोजते. एकदा मोजलेला आकडा स्मृतीत राहत असल्याने विलंब होतो तो बहुधा पहिल्याच वेळी.

२००६ मधील एक्सफॅटने निराळा मार्ग काढला. तीत प्रत्येक क्लस्टरच्या स्थितीसाठी एकच बिट असलेले स्वतंत्र कोष्टक असते; उपरोक्त डिस्कसाठी ते ४ मेगाबाइटांत मावते. म्हणजे मोजणी टळली नाही, ती स्वस्त झाली.

फॅट-३२ मधील विलंबाकडे केवळ उणीव म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते. सारांशाची नोंद त्वरित हाती येते, पण ती मूळ दप्तर नव्हे. दोहोंत विसंवादाचा संभव असेल तेथे वेळ खर्चून मूळ दप्तर तपासणे, हाच या प्रणालींनी पत्करलेला पक्ष होय.