शितावरून भाताची परीक्षा

वाघ डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही. ओल्या मातीतला ठसा पाहून तो कोणीकडे गेला आणि जाऊन किती वेळ झाला, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला जाणता माणूस सांगतो. ठशाची कड ढासळली आहे काय, आत पाणी झिरपलं आहे काय, यावरून तो हिशेब करतो. आपल्या न्यायशास्त्रात यालाच अनुमान म्हटले आहे. डोंगरावर धूर दिसला, तर तेथे विस्तव असला पाहिजे.

पण मौज अशी की, याच रानातला मुलगा कॉलेजात येतो, इतिहासाचं पुस्तक उघडतो आणि छापलेल्या ओळीपुढे हात जोडून उभा राहतो. छापले आहे तेवढे खरे, छापले नाही ते घडलेच नाही! मग त्याला माग काढायला शिकवायचे कसे? जवळचाच एक दाखला घेऊन पाहा.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चुंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलंड व हॉल हे दोन गोरे नोकर मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकरवी सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना सरकारने बक्षीस म्हणून अडपल्ली व घोट येथील ६७ गावे दिली.

सरकारी कागद याला बंड म्हणतात, लूट म्हणतात. आता विद्यार्थ्याला वहीत तीन रकाने आखायला सांगा : लिहिलेले, उमगलेले आणि नुसते वाटलेले.

‘६७ गावे दिली’ हे लिहिलेले. यातून काय उमगते? एखाद्या किरकोळ दरोडेखोरासाठी कोणते सरकार इतकी गावे देईल? शिवाय मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सरकारी फौजेला हा माणूस सापडला नाही. शेवटी दुसऱ्या जमीनदारीची मदत घ्यावी लागली. म्हणजे सरकारला वाटणारी धास्ती कागदावर शब्दांत नसली, तरी बक्षिसाच्या आकड्यात आहे. हे झालं अनुमान; त्याला दोन्ही बाजूंनी आधार आहे.

आता तारखात्याचे नोकर. ‘म्हणजे सरकारच्या तारा तोडण्याचाच बेत होता,’ असं एखादा हुशार मुलगा चटकन म्हणेल. त्याला जरा थांबवा. नदीकाठी गोरे माणूस गाठ पडले म्हणूनही ते घडले असेल. एवढ्या एका गोष्टीवरून बेत सिद्ध होत नाही. ते तिसऱ्या रकान्यात ठेवा. लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळे होणेही तसेच. बक्षीस कळते, पण पकडून देताना मनात लोभ होता की सरकारचा धाक, ते बक्षिसावरून कळत नाही.

आणि लोककथा? फाशीचा दोर तुटला, असे लोक सांगतात. दोर खरोखर तुटला, असे या कथेवरून म्हणता येणार नाही. पण सरकारने ज्याला गुन्हेगार ठरवले, त्याला लोकांनी गुन्हेगार मानले नाही, एवढे मात्र निश्चित उमगते. इतिहासाला तेही थोडे नव्हे.

यात पणाला काय लागले आहे, ते विसरू नका. वर्गातल्या गोंड मुलाने पुस्तकात आपला पूर्वज लुटारू म्हणून वाचला, तर तो मुकाट्याने मान खाली घालतो. उद्या दुसऱ्या पुस्तकात तोच वीर म्हणून छापला, तर मान वर करतो. दोन्ही वेळा विश्वास छापील शब्दावरच! २००९ साली बाबूरावांचे टपाल तिकीट निघाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण तिकीट पाहून आदर बाळगणे वेगळे आणि कागद तपासून आदराचे कारण स्वतः शोधणे वेगळे.

तेव्हा मुलांना उत्तरे सांगण्याची घाई करू नये. ‘हे कशावरून?’ एवढेच विचारावे. रानात हा प्रश्न त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तो पुस्तकापर्यंत नेऊन पोचवणे, एवढेच आपले काम.