वऱ्हाडांतील फेरफाराची वही

शेत एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. पण तें कोणाकडून, केव्हां आणि कोणत्या आधारानें गेलें, हें न सांगणारें दप्तर काय कामाचें? अमरावती-अकोल्याकडील महसुली दप्तराचा इतिहास या प्रश्नाभोवतींच फिरतो.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेतास सर्व्हे नंबर मिळाला आणि कास्तकाराचें नांव पटवाऱ्याच्या कागदांत चढलें. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत सामील झालें, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून तेथें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली.

या संहितेचें मर्म फेरफाराच्या वहींत आहे. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यांतील एखादा कास्तकार वारला, म्हणजे त्याचें नांव खोडून एकदम थोरल्या मुलाचें नांव सातबाऱ्यावर लिहितां येत नाहीं. प्रथम तलाठ्यानें फेरफाराच्या वहींत नोंद करावयाची, तिची नक्कल चावडीवर लावावयाची आणि संबंधितांस लेखी नोटीस द्यावयाची. हरकत आली, तर तिची वही निराळी. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळीं तोंवर पेन्सिलीचीच नोंद असे. नोंद प्रमाणित झाली, कीं शाई चढे. जुनें नांव कंसांत राही आणि फेरफाराचा क्रमांक शेजारीं येई. त्या क्रमांकांच्या पायऱ्यांनीं नातवास आजोबापर्यंत मागें जातां येतें.

संगणकाच्या दप्तरांत हेंच काम 'ट्रिगर' करतो. एस्‌क्यूएल भाषेच्या १९९९ च्या मानकांत त्यास स्थान मिळालें. मूळ नोंदींत बदल होतांच जुनी किंमत, नवी किंमत, बदलणारा आणि वेळ हीं सर्व निराळ्या तक्त्यांत आपोआप उतरतात. कारकुनाची विस्मृति आड येत नाहीं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराहि महाराष्ट्रांत मिळूं लागला.

तथापि ट्रिगर घडलेलें लिहितो. तें न्याय्य आहे काय, असें तो आपण होऊन कोणास विचारीत नाहीं. तें काम चावडीवरील नोटिशीचें. संहितेच्या १५७ व्या कलमानुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणून वारसांत बहिणीचें नांव गाळलें गेलें आणि नोटीस तिच्या सासरीं पोंचलीच नाहीं, तर अचूक यंत्रहि तो अन्याय अचूकपणेंच जपून ठेवील.