‘एक हिंदु स्त्री’ : राखलेल्या नांवाचा प्रश्न

जुनीं कागदपत्रें व दुर्मिळ पुस्तकें चाळतांना कर्त्याचें नांव नसलेले लेख वारंवार हातीं येतात. अशांची नोंद ‘कर्ता अज्ञात’ अशी करण्याची वहिवाट आहे. परंतु नांव काळाच्या ओघांत नष्ट होणें निराळें आणि लेखकानें तें बुद्धिपुरस्सर राखणें निराळें. पहिल्या प्रकारांत पुराव्याचा एक दुवा तुटलेला असतो. दुसऱ्यांत नांव नसणें हाच पुरावा असतो. हा भेद एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम तत्कालीन कायदा पाहूं. १८३५ च्या ११ व्या कायद्यानें वर्तमानपत्र छापणाऱ्यानें व प्रसिद्ध करणाऱ्यानें आपलीं नांवें सरकारांत नोंदविण्याचें ठरलें. १८६७ च्या २५ व्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव ठिकाणासह छापण्याची सक्ती झाली. लेखकाचें नांव छापण्याची तशी सक्ती नव्हती. मजकुराबद्दल जाब देण्यास कोणी तरी उघड माणूस असावा, एवढ्यावर काम भागत असे. गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ या नांवानें लेखन केलें, तें याच व्यवस्थेंत. सरकारी नोकरींतील गृहस्थास हा पडदा सोयीचा होता. स्त्रियांस तो अत्यावश्यक होता.

२६ जून व १९ सप्टेंबर १८८५ रोजीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीचीं दोन पत्रें आलीं. पहिलें बालविवाहावर, दुसरें सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणार होत्या मुंबईच्या रखमाबाई. त्यांचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें, आणि नांदावयास यावें म्हणून पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबई हायकोर्टांत लाविलेला दावा तेव्हां चालू होता. स्वनावानें लिहितांच हीं पत्रें सामाजिक चर्चा न राहतां प्रतिवादीची कैफियत ठरलीं असतीं.

पुढें झालें तें याची साक्ष देतें. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्या. पिन्हे यांचा निकाल बाईंच्या बाजूनें लागला. १८८६ सालीं अपिलांत तो फिरला. मार्च १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं एका महिन्यांत पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. एव्हांना बाईंचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. त्याच वर्षीं दादाजींनीं आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. बालविवाह इष्ट कीं अनिष्ट हा प्रश्न बाजूस पडून बाईंच्या आईची मिळकत व घरच्या माणसांचे हेतु यांचीच चिकित्सा होऊं लागली. १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलें.

याच्या उलट ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक पुण्यास स्वनावानें प्रसिद्ध केलें. त्यांच्या वांट्यास उपहास आला. जोतीराव फुले यांनीं १८८५ त ‘सत्सार’ मध्यें त्यांचा पक्ष घेतला. तरीही ताराबाईंचें दुसरें छापील पुस्तक उपलब्ध नाहीं.

नांव झांकून निंदाही करितां येते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यासाठीं प्रत्येकाकडून नांव मागितल्यास निंदकाआधीं दुर्बळच गप्प बसतो. हा वाद संपलेला नाहीं. दक्षिण कोरियानें २००७ सालीं मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांस खरी ओळख पटविण्याची सक्ती केली. २०१२ च्या ऑगस्टांत तेथील घटना न्यायालयानें ती भाषणस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द केली.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, टोपणनांवाचा उलगडा झाला तरी मूळ सही खोडूं नये. ती जशीच्या तशी उतरून घ्यावी. खरें नांव केव्हां, कोणत्या आधारें व कोणाकडून उघड झालें हें शेजारीं लिहावें. ‘रखमाबाई’ एवढेंच नोंदविल्यास लेखिका कळते. ‘एक हिंदु स्त्री’ ही सहीही राखल्यास तिला कशाची धास्ती होती तेंही कळतें.