मार्जारकुलाचा गृहप्रवेश

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल आटगांव सोडून खर्डीच्या स्थानकांत शिरते, तेव्हां तिच्यांतून रिकाम्या पाट्या, दुधाचे डबे आणि शाळा-कचेरीहून परतणारीं माणसें उतरतात. अलीकडे कधीं कधीं या गर्दींत झांकणाची एक करंडीहि उतरते. तिच्या फटींतून दोन गोल डोळे बाहेर पाहत असतात. लांब केसांच्या, चपट्या नाकाच्या इराणी मांजराचें तें पिल्लूं असतें. चांगली किंमत मोजून घेतलेलें, आणि वंशावळीचा कागद बरोबर असलेलें. घरीं मुलें दारांत उभीं असतात, आजीबाई वाटींत दूध घेऊन बसलेल्या असतात. आणि करंडी उघडतांच तें पिल्लूं सर्वांच्या पायांमधून धांवत जाऊन कपाटाखालीं दडतें. दूध तसेंच राहतें. मुलांचीं तोंडें उतरतात, आणि एवढे पैसे देऊन आणलेला प्राणी माणूसघाणा निघाला, असा निकाल घरांतील कर्ता पुरुष देऊन मोकळा होतो.

हा निकाल घाईचा आहे. पिल्लाच्या त्या दडण्यामागें कांहीं हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि कागदावरील वंशावळ त्या मानानें कालपरवाची आहे. हा फरक ध्यानांत न घेतल्यामुळें हौसेनें आणलेलीं कित्येक पिल्लें पहिल्या महिन्यांतच दगावतात. म्हणून हें मांजर माणसाच्या घरांत आलें कसें, हें एकदां पाहणें इष्ट आहे.

गाय, घोडा, कुत्रा यांना मनुष्यानें माणसाळविलें. मांजर मात्र आपल्या पायांनीं आलें. पश्चिम आशियांत मनुष्य शेती करूं लागला, धान्याचे सांठे झाले, सांठ्यांपाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ तेथील रानमांजर आलें. जगांतील सर्व घरगुती मांजरें या एकाच रानमांजराच्या वंशांतील आहेत, हें २००७ सालीं आनुवंशिक परीक्षणानें सिद्ध झालें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींची एक कबर सांपडली, आणि तिचें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें. तींत मनुष्याच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एका तरुण मांजराचा सांगाडा जपून पुरलेला होता. त्या बेटावर रानमांजर मूळचें नाहीं; अर्थात् कोणीतरी तें होडींतून बरोबर नेलें असलें पाहिजे. करंडींतून मांजर नव्या मुलुखांत नेण्याची रीत इतकी जुनी आहे.

परंतु आपल्या पायांनीं आलेल्या या प्राण्यानें आपली मूळची एक अट कधींच सोडली नाहीं. कुत्रें माणसाला धरून राहतें, मांजर जागेला धरून राहतें. कोणत्या कोपऱ्यांतून पळतां येईल, कोठें दडतां येईल आणि कोणता वास आपला आहे, हें कळल्यावांचून त्याला अन्न गोड लागत नाहीं. पूर्वजांच्या रानांत जें अनोळखी जागीं बेसावध राहिलें, त्याचा वंश उरला नाहीं. कपाटाखालीं दडणारें पिल्लूं हा जुना धडाच गिरवीत असतें.

आतां वंशावळीकडे वळूं. पिएत्रो देला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी इ. स. १६२० च्या सुमारास इस्फहान येथें होता. खोरासानांतील लांब, रेशमासारख्या केसांचीं मांजरें पाहून तो मोहित झाला, आणि त्यांच्या कांहीं जोड्या रोमला नेण्याचा बेत त्यानें पत्रांत लिहून ठेविला. असलीं मांजरें पोर्तुगीज लोक इराणांतून हिंदुस्थानांत नेतात, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. हाच गृहस्थ पुढें १६२३ सालीं सुरत, चौल, गोवें या आपल्या किनाऱ्यावरील शहरांतून हिंडला. म्हणजे लांब केसांच्या मांजराची आणि पश्चिम किनाऱ्याची ओळख निदान चारशें वर्षांची आहे.

दुसरी साक्ष महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाच्या पुरुषाची आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पुण्यास रेसिडेंट होता आणि १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्यापूर्वीं तो काबूलच्या राजाकडे वकील म्हणून गेला होता, आणि त्या राज्याचें वर्णन करणारा त्याचा ग्रंथ १८१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तो म्हणतो कीं, लांब केसांचीं मांजरें त्या प्रांतांतून पुष्कळ बाहेर जातात आणि लोक त्यांना इराणी म्हणतात. परंतु खुद्द इराणांतून तीं क्वचितच निघतात. नांवाच्या खरेपणाविषयीं त्यानें घेतलेली ही शंका दोनशें वर्षांनीं आणखी दृढ झाली. २००८ सालच्या आनुवंशिक परीक्षणांत आजच्या इराणी जातीचें नातें इराणाकडील मांजरांपेक्षां पश्चिम युरोपांतील साध्या मांजरांशीं अधिक जवळचें आढळलें. कागदावर इराणचें नांव असलें, तरी घराणें पुष्कळसें युरोपांतच घडलेलें आहे.

तें घडलें कसें, तेंहि पाहण्याजोगें आहे. १३ जुलै १८७१ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. रस्त्यांतील तुच्छ मानल्या गेलेल्या प्राण्याला प्रतिष्ठा मिळावी, हा त्याचा हेतु. पुढें १८८७ सालीं राष्ट्रीय मार्जार-मंडळ स्थापन झालें, वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि वंशावळींची नोंद होऊं लागली. परंतु थोड्याच वर्षांत त्यानें मंडळ सोडलें. मांजराच्या कल्याणापेक्षां बक्षिसें जिंकण्याकडेच अनेक सभासदांचें लक्ष आहे, अशी त्याची तक्रार होती. ती निराधार नव्हती. बँकॉकहून आणलेल्या सयामी मांजरांची एक जोडी आणि तिचीं तीन पिल्लें १८८५ सालीं त्याच क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं होतीं. प्रदर्शन आटोपल्यावर थोड्याच दिवसांत तिन्हीं पिल्लें मेलीं.

वंशावळीच्या वहींत केसांची लांबी, डोळ्यांचा रंग आणि नाकाची ठेवण यांची पिढ्यान् पिढ्यांची नोंद असते. भीति, भूक आणि जागेची ओढ यांना तेथें रकाना नसतो. तीं रानमांजराचींच राहिलेलीं असतात.

आपल्याकडे मांजराला कागद कधींच नव्हता. त्याच्याकडे काम होतें. कणगी आणि कोठार सांभाळणें हें तें काम. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें महाराष्ट्रभर पसरला, तेव्हां या कामाला निराळेंच महत्त्व आलें. अमरावती येथील सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं १९०८ सालीं विलायतेंतील वैद्यक नियतकालिकांत असें मांडलें कीं, ज्या वस्तींत मांजरें भरपूर, तेथें प्लेग कमी. मांजरालाहि प्लेग होतो हें आतां ठाऊक आहे, त्यामुळें तो उपाय अपुरा ठरला. पण त्या काळीं मांजराकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते, हें त्यावरून दिसतें. अशा कामकरी मांजराला कोणी रुळवीत नसे. तें आईमागून घरांत शिरे आणि चुलीपाशीं आपली जागा आपण शोधी. विकत आणलेल्या पिल्लाला मात्र आई नाहीं, आणि जागाहि त्यानें निवडलेली नाहीं. म्हणून जें काम आई करीत असे, तें घराला करावें लागतें.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लाच्या आयुष्यांतील दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत मनुष्याचा हात लागला, तर तें माणसाला भीत नाहीं, असें अमेरिकेंत आयलीन कार्श या विदुषीनें १९८० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं दाखविलें. तेव्हां किमतीपूर्वीं विचारावयाचें तें हें कीं, पिल्लूं माणसांत वाढलें कीं पिंजऱ्यांत. बारा आठवड्यांपूर्वीं त्याला आईपासून तोडूं नये.

दुसरी गोष्ट जागेची. सबंध घर एकदम दाखवूं नये. एक लहानशी, शांत खोली द्यावी. तींत एका कोपऱ्यांत पाणी व अन्न, दुसऱ्या टोकाला मातीचें तसराळें, आणि दडावयास उपडें खोकें. जुन्या घराचें एखादें फडकें बरोबर आणल्यास ओळखीचा वास मिळतो. तसराळ्यांत पूर्वीं राख किंवा वाळू घालीत. १९४७ सालीं एडवर्ड लो या अमेरिकनानें वास व ओल शोषणारी माती विकावयास आणली, आणि मांजर चोवीस तास घरांत ठेवणें तेव्हांपासून सोपें झालें. घरच्यांनीं खोलींत जाऊन नुसतें बसावें. ओढून काढणें, कडेवर घेऊन शेजाऱ्यांना दाखविणें, हें पहिल्या आठवड्यांत वर्ज्य. घरांत आधींचें मांजर असेल, तर दोघांची प्रथम वासानें ओळख व्हावी, दृष्टभेट मागाहून.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि शाकाहारी घराची कसोटी येथेंच लागते. मांजराला टॉरिन नांवाचें द्रव्य अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि तें मांस-मासळींत असतें. त्याच्या अभावीं मांजर आंधळें होतें, हें १९७५ सालीं सिद्ध झालें. हृदय दुबळें होऊन मरतें, हें १९८७ सालीं. दूधभातावर ठेवलेलें पिल्लूं कांहीं महिने टवटवीत दिसतें, आणि तोंवर आंतून खचत जातें. शिवाय आईचें दूध तुटल्यावर पुष्कळ मांजरांना गाईम्हशीचें दूध पचेनासें होतें. आजीबाईंची वाटी प्रेमाची असली, तरी औषधाची नव्हे. ज्या घरांत मांस शिजत नाहीं, तेथें मांजरासाठींच केलेलें तयार अन्न आणण्याची तयारी आधीं असावी; नसेल, तर पिल्लूं आणूं नये.

चौथी गोष्ट धोक्यांची. ज्या घरांत पूर्वीं एखादें पिल्लूं ओकाऱ्या व जुलाब होऊन मेलें असेल, तेथें त्या सांथीचें विष जमिनीवर वर्षभरहि टिकूं शकतें; म्हणून नवें पिल्लूं लस पूर्ण झाल्यावरच आणावें. फरशी पुसण्याचें फिनेल मांजराच्या पायांना लागून चाटण्यावाटे पोटांत जातें आणि बाधतें. तापावर माणसाला दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धां मांजराचा प्राण घेऊं शकते.

शेवटीं खर्डीचें वैशिष्ट्य. १ जानेवारी १८६१ रोजीं आसनगांवपासून कसाऱ्यापर्यंत आगगाडी आली आणि हा मुलूख मुंबईला जोडला गेला. पण रान हललें नाहीं. तानसा तलावाभोंवतीं १९७० सालीं अभयारण्य झालें, आणि त्या झाडींत बिबट्या आजहि आहे. मुंबईच्या सदनिकेंत जन्मलेल्या पिल्लाला ना बिबट्या ठाऊक, ना साप. चपट्या नाकामुळें त्याला श्वास अपुरा पडतो आणि वैशाखाचें ऊन सोसवत नाहीं. लांब केसांत पावसाळ्याची ओल राहून त्वचा बिघडते. तेव्हां त्यानें घरांतच राहावें, रोज विंचरलें जावें, आणि वेळेवर त्याची नसबंदी व्हावी, हेंच हिताचें.

रामानुजांच्या संप्रदायांत मार्जारकिशोरन्याय प्रसिद्ध आहे. वानराचें पिल्लूं आईला स्वतः घट्ट धरतें. मांजराचें पिल्लूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला मानेला धरून सुरक्षित जागीं नेते. ईश्वरावर भार टाकणाऱ्या भक्ताला हा दृष्टांत देतात. विकत आणलेल्या पिल्लाच्या बाबतींत तो भार गृहस्थावर येतो. त्यानें तो धीरानें वाहिला, तर तिसऱ्या-चौथ्या रात्रीं, दिवे मालवल्यावर, कपाटाखालून चार पाय निघतात. खोलीचे चारहि कोपरे हुंगले जातात. आणि सकाळीं वाटी रिकामी असते. त्या क्षणीं घरानें पिल्लूं पाळलें असें नव्हे. पिल्लानें तें घर पत्करलें. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं असेंच घडलें होतें.