चाकाचे आरे मोजा, मग फोटोवर विश्वास ठेवा

आज गोष्ट सांगायची आहे जगातल्या अगदी पहिल्या मोटारींची, आणि त्यातली कोणती गाडी कोणती हे जुन्या फोटोवरून कसं ओळखायचं त्याची. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला मोटारींशी काय करायचंय? पण या गोष्टीत एक बाई आहे. तिने केलेल्या कामाचा फोटोच नाही. आणि म्हणून तिच्या नावाखाली भलत्याच गाड्यांचे फोटो खपवले जातात.

तिचं नाव बर्था बेंझ. जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावात १८४९ साली तिचा जन्म झाला. कार्ल बेंझ या तरुणाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला, तेव्हा तिने लग्नाआधीच, १८७१ मध्ये, आपल्या हुंड्याचा पैसा घातला आणि त्या भागीदाराला मोकळं केलं. तो कारखाना टिकला, म्हणून पुढे मोटार झाली. १८८६ च्या जानेवारीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीन चाकी गाडीसाठी पेटंट मागितलं. कागदावर तिचं नाव नव्हतं.

गाडी तयार झाली, पण घेणार कोण? घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसाच नव्हता. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, एकोणचाळीस वर्षांची बर्था दोन मुलांना घेऊन निघाली. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिशार्ड तेरा वर्षांचा. मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर.

वाटेत पेट्रोल पंप नव्हताच. विस्लोख गावात औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचा डाग काढायचा द्रव घेतला आणि टाकीत ओतला. तेलाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तर मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली. लोहाराकडून साखळी दुरुस्त करून घेतली. ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परत आल्यावर, चढासाठी गाडीत आणखी एक गिअर हवा, हेही सांगितलं, आणि तो बसवला गेला.

आता फोटोकडे येऊ. या प्रवासाचा एकही फोटो नाही. तेव्हा कॅमेरा म्हणजे तिपाईवरचा मोठा पेटारा. चोरून पहाटे निघालेल्या बाईच्या मागे तो घेऊन कोण धावणार? तरीही पुस्तकात, भिंतीवरच्या तक्त्यात, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात फोटो असतो, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बर्था बेंझ, १८८८’. तो कशाचा आहे हे आपल्याला ओळखता येतं. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही.

पहिलं काम, चाकं मोजा. चार चाकं दिसली, तर ती १८८८ ची गाडी नाही. पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवायची युक्ती बेंझ यांना सापडली ती १८९३ मध्ये. तेव्हा त्यांची ‘व्हिक्टोरिया’ नावाची चार चाकी गाडी आली. त्या गाडीत नवरा-बायको बसलेले आहेत असा खरा फोटो आहे. पण तो त्या प्रवासानंतरचा. मोजताना एक लक्षात ठेवा. बाकाच्या मागे एक मोठं जड चाक आडवं पडलेलं दिसतं. ते रस्त्यावर चालणारं चाक नाही, इंजिनाचं आहे. त्याला मोजायचं नाही.

दुसरं काम, आरे बघा. बैलगाडीच्या चाकाला लाकडाचे जाड आरे असतात, सायकलच्या चाकाला बारीक तारा. बेंझ यांच्या पहिल्या नमुना गाडीला सायकलसारखी तारांची चाकं होती. बर्था जी गाडी घेऊन गेली ती तिसऱ्या नमुन्याची, तिची चाकं लाकडी आऱ्यांची. म्हणजे तारांची तीन चाकं असलेल्या गाडीखाली बर्थाच्या प्रवासाचं नाव असेल, तर ते नाव चुकीच्या गाडीला चिकटलंय. पहिल्या गाडीच्या हुबेहूब प्रतिकृती नंतर बनवल्या गेल्या. त्या चकचकीत दिसतात आणि त्यांचे फोटो सगळ्यात जास्त फिरतात.

तिसरं काम, माणसाचं वय बघा. १८८६ साली कार्ल बेंझ एकेचाळीस वर्षांचे होते. तारांच्या चाकांच्या गाडीवर पांढऱ्या मिशांचे आजोबा बसलेले दिसले, तर गाडी जुनी पण फोटो खूप नंतरचा. १९२५ मध्ये म्युनिक शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली होती. तेव्हा ऐंशी वर्षांचे बेंझ आपल्या पहिल्या गाडीवर बसले होते. आणि ती गाडी तरी जशीच्या तशी कुठे होती? मधल्या काळात ती खोलून ठेवली होती. पुन्हा जोडून १९०६ मध्ये म्युनिकच्या संग्रहालयाला दिली. गाडीचं वय एक, जोडणीचं दुसरं आणि फोटोचं तिसरं. तिन्ही वेगळं विचारायचं.

मग फोटोच नाही, तर हा प्रवास झाला हे मानायचं कसं? मैत्रिणींनो, पुरावा म्हणजे काही फक्त फोटो नसतो. १९२५ मध्ये आलेल्या कार्ल बेंझ यांच्या आत्मचरित्रात या प्रवासाची हकीकत आहे. विस्लोखचं ते औषधाचं दुकान लोकांनी आठवणीत ठेवलं. तिच्या वाटेला २००८ पासून तिच्याच नावाचा स्मृतिमार्ग म्हणतात. खोट्या फोटोची या खऱ्या गोष्टीला गरजच नाही. उलट उद्या कुणी तो फोटो खोटा ठरवला, तर लोक म्हणायचे, गोष्टही खोटीच असेल. चुकीचा फोटो लावून आपण तिचा मान वाढवत नाही, तिचा पुरावा कच्चा करतो.

बर्था पंचाण्णव वर्षं जगली. १९४४ मध्ये ती गेली, त्याच्या दोनच दिवस आधी, वाढदिवसाला, एका तंत्रविद्यापीठाने तिला मानाचं पद दिलं होतं. अमेरिकेत मोटारजगातल्या थोरांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे. तिथे कार्ल बेंझ यांचं नाव लागलं १९८४ मध्ये. बर्थाचं लागलं २०१६ मध्ये. मध्ये गेली बत्तीस वर्षं.

आपल्या घरातल्या ट्रंकेतही जुने फोटो असतात. पहिल्या ट्रॅक्टरपुढे उभे आजोबा, आणि कडेला डोक्यावर पदर घेतलेली, अर्धी कापली गेलेली बाई. ट्रॅक्टरसाठी दागिने कुणी मोडले, हे त्या फोटोत दिसत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक फोटो आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, कोण, कुठे, कोणत्या साली, आणि सांगितलं कुणी. साल माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. त्या सालच्या दुष्काळाची, लग्नाची, बाळंतपणाची खूण लिहा. आणि जिचा फोटोच नाही, तिचं काम वहीत लिहून ठेवा.