डोरोथी हाइट : मंचावर जागा मिळाली, माईक नाही

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण सुरू होतं, तेव्हा त्याच मंचावर डोरोथी हाइटही होत्या. मोर्चाच्या आयोजनात त्यांचा वाटा होता, पण मुख्य भाषणं सगळी पुरुषांचीच झाली.

अडवलं जाणं त्यांना नवीन नव्हतं. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजने त्यांना प्रवेश दिला आणि त्या हजर झाल्यावर सांगितलं, कृष्णवर्णीय मुलींच्या दोनच जागा आहेत, त्या भरल्या. हाइट न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेल्या, तिथूनच पदव्युत्तर पदवीही घेतली.

१९५२ मध्ये त्यांनी दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कमध्येही शिकवलं. पुढे १९५७ पासून तब्बल ४० वर्षं त्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’च्या अध्यक्ष होत्या.

या काळातलं भारी काम म्हणजे मिसिसिपीतली ‘डुकरांची बँक’! तिथे मतदार यादीत नाव नोंदवलं म्हणून कृष्णवर्णीय मजुरांचं काम जायचं, घरही जायचं. मग खायचं काय? कौन्सिलने फॅनी लू हेमर यांच्या साथीने गरजू कुटुंबांना डुकरीण द्यायला सुरुवात केली. पैसे नाहीत, व्याज नाही. तिला पिल्लं झाली की दोन बँकेला परत करायची, ती पुढच्या कुटुंबाकडे जायची.

२०१० मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी हाइट गेल्या. त्याआधी २००४ मध्ये बर्नार्डने त्यांना मानद माजी विद्यार्थिनी केलं. दार बंद केल्यावर ७५ वर्षांनी.