सरपणाचा हिशेब

श्रोतेहो, मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडची घरधनीण एक काम आठवणीने उरकते. ती सरपण आत घेते. बाभळीचे फाटे, तुरकाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे काही जमवले असेल ते कोरड्या जागी रचते. एकदा आषाढाची झड लागली की भिजले लाकूड पेटत नाही, हे तिला ठाऊक असते. घरात माणसे किती, पावसाचे दिवस किती, पाहुणारावळा किती येईल, हा सगळा हिशेब ती कागदावाचून करते. आता पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली आहे. पण टाकी किती दिवस पुरवायची, हा हिशेब काही सुटलेला नाही.

आज अशाच एका हिशेबाची गोष्ट सांगायची आहे. हा हिशेब एका घराचा नाही, एका देशाचा आहे. तो देश इंग्लंड, आणि ते सरपण म्हणजे दगडी कोळसा. गोष्ट विलायतेची असली तरी तिचा शेवट आपल्या अंगणापर्यंत येतो. म्हणून ती शाळेतल्या मुलांनाही सांगण्यासारखी आहे.

चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे इंग्लंड लाकडावर जगत होते. घर लाकडाचे, जहाज लाकडाचे, चूल लाकडाची, आणि लोखंड गाळायचे तर तेही लोणारी कोळशावर. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्या देशात सुमारे ३० लाख माणसे होती. पुढच्या शंभर वर्षांत ती ५० लाखांवर गेली. लंडन शहर तर याहून झपाट्याने वाढले. माणसे वाढली तशी शेते वाढली, शेते वाढली तशी राने हटली, आणि लाकूड महागले. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत लोखंडाच्या भट्ट्यांसाठी झाडे तोडण्यावर कायद्याने बंधने घालावी लागली.

मग लोकांनी केलं काय? ज्याला लाकूड परवडेना त्याने दगडी कोळसा जवळ केला. न्यूकॅसलच्या खाणींतून तो गलबतांत भरून समुद्रमार्गे लंडनला येई, म्हणून त्याला समुद्री कोळसा असे म्हणत. त्याच्या धुराला आणि वासाला लोक नाके मुरडीत. १६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने लंडनच्या धुराविरुद्ध राजाला उद्देशून एक पुस्तिका लिहिली. याच एव्हलिनने तीन वर्षांनी झाडे लावण्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. धूर सोसवत नाही आणि लाकूड मिळत नाही, अशी ही कोंडी होती. लंडनने शेवटी धूर पत्करला.

कोळशाने त्या देशाला काय दिले ते समजण्यासाठी एक ढोबळ गणित करू. एक एकर रान घ्या. ते न मोडता, जेवढे वाढते तेवढेच तोडून, दरसाल साधारण दोन टन सुके लाकूड निघते असे धरा. तेवढी उष्णता एक टन चांगल्या दगडी कोळशात असते. म्हणजे एक टन कोळसा काढला की एक एकर रानाचे वर्षाचे जळण हाती आले. १८०० सालच्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला एक ते दीड कोटी टन कोळसा निघत होता. उभ्या इंग्लंडचे क्षेत्र सुमारे ३ कोटी २० लाख एकर. तेवढे जळण लाकडातून काढायचे म्हटले असते, तर देशाची साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जमीन केवळ सरपणाला लागली असती. मग गहू कुठे पेरणार आणि मेंढरे कुठे चारणार? जमिनीखाली जणू एक पुरलेले रान सापडले होते. फरक एवढाच, की ते रान तोडल्यावर पुन्हा फुटत नव्हते.

१७०९ साली अब्राहम डार्बीने दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळून दाखवले. १७१२ साली टॉमस न्यूकॉमेनचे वाफेचे यंत्र खाणीतले पाणी उपसू लागले. हे यंत्र कोळसा फार खाई. पण ते खाणीच्या तोंडाशीच असल्यामुळे चालून जाई. पुढे जेम्स वॉटने त्यात सुधारणा केली आणि १७६९ साली तिचे पेटंट घेतले. जुन्या यंत्राला लागे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या कोळशात वॉटचे यंत्र तेच काम करी. कॉर्नवॉलमधल्या खाणवाल्यांना वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन सांगत, की आमचे यंत्र बसवा आणि जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हांला द्या. बचतीवर धंदा उभा राहिला!

आता तुम्ही म्हणाल, एवढी बचत झाल्यावर कोळसा कमी लागला असेल. आपण सर्वजण असेच समजतो. पण झाले उलटेच. यंत्र स्वस्तात चालू लागले, तसे ते खाणीतून निघाले आणि कापडाच्या गिरणीत गेले, रुळांवर चढले, जहाजात बसले. जिथे पूर्वी एक यंत्र होते तिथे शंभर झाली.

ही गोष्ट ज्याने नेमकी हेरली त्याचे नाव विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स. हा १८३५ साली लिव्हरपूलला जन्मला. तरुणपणी काही वर्षे तो ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस तपासण्याचे काम करीत होता. १८६५ साली, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, त्याने ‘कोळशाचा प्रश्न’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्याच्या आधी १७९८ साली माल्थसने माणसे आणि धान्य यांची शर्यत मांडली होती. जेव्हन्सने धान्याच्या जागी कोळसा ठेवला. त्याचे म्हणणे असे, की जळण काटकसरीने वापरणारे यंत्र आले म्हणजे जळणाचा एकूण खप घटतो ही समजूत चुकीची आहे. काटकसरीमुळे ते काम स्वस्त होते, आणि स्वस्त झालेले काम लोक अधिक करतात.

आपल्याकडचा दाखला घ्या. विहिरीवर मोट होती तोवर बागायत एखाद्या एकराची. पंप आला, पाणी सोपे झाले. त्या शेतकऱ्याने वाचलेल्या वेळात विश्रांती घेतली का? त्याने आणखी दोन एकर भिजवले, ज्वारीच्या जागी ऊस लावला. त्यात त्याचा दोष नाही. कोणीही तेच करील. पण विहिरीच्या तळाला त्याचे कारण समजत नाही.

जेव्हन्सच्या पुस्तकाने खळबळ उडाली. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी १८६६ च्या अंदाजपत्रकाच्या वेळी त्याचा आधार घेतला, आणि त्याच वर्षी सरकारने कोळशाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. जेव्हन्सने हिशेब केला होता, की १८६१ साली सुमारे ८ कोटी ३६ लाख टन असलेला खप त्याच वेगाने वाढत राहिला, तर १९६१ साली तो २६० कोटी टनांवर जाईल. म्हणजेच हा वेग टिकणे शक्य नाही, असे त्याला सांगायचे होते. तो पुढे टंचाईच्या विचाराने इतका पछाडला गेला, की कागदसुद्धा दुर्मिळ होईल या धास्तीने त्याने घरात कोऱ्या कागदांचे ढीग साठवून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही मुलांना संपवता आले नव्हते, असे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी नमूद केले आहे.

मग जेव्हन्स खरा ठरला का? निम्मा ठरला. फळ्यावर दोन आकडे लिहून पाहा. १८०१ च्या खानेसुमारीत ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ५ लाख माणसे होती. १९११ साली ती ४ कोटी ८ लाख झाली. म्हणजे चौपटीच्या आत. कोळसा १८०० च्या सुमारास एक ते दीड कोटी टन होता. १९१३ साली तो २८ कोटी ७० लाख टन निघाला. म्हणजे वीसपटीच्या आसपास, कदाचित अधिकच. माणसे चौपट आणि जळण वीसपट! नुसती डोकी मोजून या वाढीचा उलगडा होत नाही. प्रत्येक डोक्यामागे किती जळते तेही मोजावे लागते.

या जळणाची किंमत माणसांनीही मोजली. त्याच १९१३ च्या ऑक्टोबरात वेल्समधल्या सेंघेनीड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले. पुढे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्याच ॲबरफॅन गावी, खाणीतून काढून डोंगरावर टाकलेल्या मातीदगडांचा ढीग पावसाने सुटला आणि खालच्या शाळेवर कोसळला. शाळा नुकती भरली होती. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे त्या दिवशी मेली. शिक्षक मंडळींना याहून अधिक काही सांगायला नको.

आणि जेव्हन्स कुठे चुकला? त्याला वाटले होते की कोळसा संपत जाईल, महागेल, आणि त्याबरोबर देशाचा उत्कर्ष ओसरेल. प्रत्यक्षात खनिज तेल आले, वीज आली, समुद्राखालचा वायू सापडला. १९६१ साली ब्रिटनचा कोळसा २० कोटी टनांच्याही आत होता. डिसेंबर २०१५ मध्ये तिथली शेवटची खोल खाण बंद झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही थांबले. जमिनीखाली कोळसा अजून आहे. संपत आली ती वेगळीच गोष्ट: हवेची सोसण्याची ताकद. दोनशे वर्षांचा धूर कुठे गेला नाही. त्यातला कर्बवायू आभाळात साठत गेला आणि पृथ्वी तापू लागली. जेव्हन्सने कोठाराकडे पाहिले, धुराड्याकडे पाहिले नाही.

ब्रिटनने कोळसा सोडला याचे सगळे श्रेय शहाणपणाला देता येणार नाही. तिथले पुष्कळ कारखाने बंद पडले आणि माल दुसऱ्या देशांतून येऊ लागला. धूर शेजाऱ्याच्या अंगणात गेला, तरी आभाळ एकच आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. वाफेचे यंत्र आपल्याकडे इंग्रजांबरोबर आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तिची इंजिने विलायतेत बांधलेली होती. लवकरच मुंबईत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. त्या धुरावर उपाय म्हणून सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढायची कल्पना निघाली, आणि १९१५ साली खोपोलीहून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाण्याच्या विजेला धूर नाही हे खरे. पण त्याच कामाच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या खोऱ्यातली गावे धरणाखाली जायची ठरली, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झालेच, गावे बुडाली. बिनधुराचे जळणही फुकट मिळत नाही. कोणाचे तरी शेत त्यात जाते. आज सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेसाठी जमिनी घेताना मुळशीची आठवण ठेवलेली बरी.

पुन्हा फळ्यावर दोन आकडे लिहा. १९५१ साली भारतात ३६ कोटी माणसे होती. आज १४० कोटींच्या वर आहेत. म्हणजे चौपट. त्या काळी देशात वर्षाला जेमतेम साडेतीन कोटी टन कोळसा निघे. २०२४-२५ साली १०० कोटी टनांच्या वर निघाला. म्हणजे तीसपट. विलायतेचाच हिशेब आपण गिरवला आहे, आणि त्यांना शंभर वर्षांहून अधिक लागली ते आपण पाऊणशे वर्षांत केले.

यात लाजण्यासारखे काही नाही. या कोळशावरच खेड्यात दिवा लागला, पंप चालला, दवाखान्यात लस थंड राहिली. शिवाय १९१३ साली, परदेशी पाठवलेला कोळसा वजा करूनही, ब्रिटनमध्ये माणशी चार टनांहून अधिक जळत होता; आपल्याकडे बाहेरून आणलेला धरूनही तो माणशी एक टनाच्या आत आहे. तेव्हा ज्यांनी आधी भरपूर जाळले त्यांनी आपल्याला उपदेश करताना जरा आपल्या ताटाकडे पाहावे.

पण आपला प्रश्न त्याने सुटत नाही. घरटी मुले आता कमी झाली आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले, असे प्रमाण आढळले. डोक्यांची वाढ काही वर्षांनी थांबेल. जळणाची वाढ आपोआप थांबणार नाही. काटकसरीचा दिवा आणि काटकसरीचा पंप जरूर आणावा. पण त्यात जे वाचते ते कुठे जाते, यावर नजर ठेवली नाही तर जेव्हन्सचा नियम आपल्यालाही सोडणार नाही. वाचलेल्या विजेवर आणखी खोल विंधन विहीर घेतली, तर वाचवलं काय?

शिक्षक बंधुभगिनींनो, एक प्रयोग सुचवतो. मुलांना घरी पाठवून आजीआजोबांना दोन प्रश्न विचारायला सांगा. तुमच्या लहानपणी घरात माणसे किती होती? आणि चुलीला, दिव्याला, मोटेला, प्रवासाला काय काय लागत असे? शेजारी आजचे उत्तर लिहू द्या. पहिल्या रकान्यात आकडा बहुधा कमी झालेला दिसेल, दुसऱ्यात यादी लांबलेली दिसेल. मग त्या यादीवर वर्गात बोला. कशावाचून अडेल आणि कशावाचून अडणार नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. आजी मृगाआधी सरपण रचताना हेच ठरवीत असे.